धुरीविरुद्ध अकरा कागद

सासूशी भांडायचं नाही, सासूला कागद दाखवायचा, असं सुचितानं एका मंगळवारी ठरवलं आणि तिथून सगळं बिघडलं.

भांडण तसं सोपं होतं. पण भांडायला अंगात जोर लागतो, जोर यायला झोप लागते, आणि सुचिता शेवटची पोटभर झोपली होती ती पोटुशी असताना, सातव्या महिन्यात, एका रविवारी दुपारी. (लोकांना लग्नाचा दिवस आठवतो, तसा तिला तो रविवार आठवायचा.) त्यानंतर अमिषा झाली. अमिषा झोपली की सुचिता तिचा श्वास चालू आहे ना ते बघत बसायची आणि अमिषा जागी झाली की ती का जागी झाली ते बघत बसायची. चार महिने हे चाललं होतं. परवा तर तिनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, तो चहा स्वतःच प्यायली आणि दुपारपर्यंत तिला कळलंही नाही.

आता कागद कशाला हवा होता, तर धुरीसाठी.

सुचिताची सासू केसर. रेवदंड्याच्या पुढच्या त्या कोळीवाड्यात केसरबाईला दोन गोष्टींचा मान होता. मासळी विकावी तर केसरनं आणि बाळ न्हाऊ घालावं तर केसरनं. रोज सकाळी ती अमिषाला तेल लावून रगडायची, कढत पाण्यानं आंघोळ घालायची आणि मग शेगडीत करवंटीचे निखारे घेऊन त्यावर ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकायची. भसकन धूर उठला की बाळाला त्या धुरावर आडवं धरायची. पोर खोकायची, लालबुंद व्हायची, डोळ्यांतून पाणी काढायची. केसर म्हणायची, "खोक बाय, खोक. कफ सुटतोय." आणि दाराशी उभ्या असलेल्या सुचिताच्या छातीत असं काही व्हायचं की पोरीपेक्षा तिलाच श्वास पुरायचा नाही.

तिनं काही केलं नव्हतं असं नाही. आधी नवऱ्याला सांगून बघितलं. प्रीतम होडीवरून आलेला, जाळं सारखं करत बसलेला. तो म्हणाला, "मला बी दिलीय की धुरी. काय झालं मला?" (यावर सुचिताकडे बरीच उत्तरं होती, पण लग्नाला तीनच वर्षं झालेली.) मग तिनं आरोग्य केंद्राच्या आशाताईंना गाठलं. मृणाली आशाताई घरी आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "केसरकाकू, लहान बाळाला धूर चांगला नाही हो."

"तुला कोनी दिली व्हती गो धुरी?" केसरनं विचारलं.

"तुम्हीच."

"आणि तुज्या दोन पोरांना?"

मृणाली आशाताई चहा न पिताच गेल्या.

तर अशा वेळी नणंद घरी आली. हेमांगी अलिबागच्या नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिला आठ दिवसांची सुट्टी प्रोजेक्टसाठी दिलेली. प्रोजेक्ट म्हणजे काय, तर एक विषय शोधायचा, त्यावर जगात आधी कुणी काय लिहिलंय ते वाचायचं, प्रत्येकाच्या लिहिण्यात काय उणं आहे ते सांगायचं आणि मग स्वतः काहीतरी करायचं. शनिवारपर्यंत विषय मॅडमना कळवायचा होता. तिच्याकडे विषय नव्हता आणि दुसऱ्याच्या लिहिण्यातलं उणं काढायचं कसं तेही ठाऊक नव्हतं. सकाळपासून ती ओट्यावर फोन घेऊन बसलेली.

"आमच्याकडं ना वयनी," हेमांगी म्हणाली, "पुराव्याशिवाय काही मानत नाहीत. साधा ताप पट्टी ठेवून उतरवायचा तरी मॅडम विचारतात, याला आधार काय?"

"मग पुरावा कुठं भेटतो?"

"डेटाबेसमध्ये. सगळ्या जगातल्या डॉक्टरांनी, नर्सनी जे शोधून काढलंय ते तिथं एका जागी ठेवलेलं असतं. कॉलेजनं पासवर्ड दिलाय."

सुचिता तिच्या फोनकडे बघत राहिली. सगळ्या जगातले डॉक्टर. एका जागी. त्यातला एक तरी म्हणत असेल की धुरी देऊ नका. एकच पुरे. तोंडानं काही बोलायलाच नको, कागद पुढे सरकवायचा आणि बाळाला घेऊन आत जायचं.

"माझ्यासाठी एक बघतेस?"

"तूच बघ की. मी तांदूळ धुते." हेमांगीनं फोन तिच्या हातात दिला. त्या घरात सुट्टीला आलेली नणंद आपणहून तांदूळ धुवायला उठली, यावरूनच तिला त्या डेटाबेसचा किती कंटाळा आला असेल ते समजावं.

सुचितानं शोधायची चौकट उघडली आणि लिहिलं : चार महिन्यांच्या बाळाला सासू रोज धुरी देते, मी काय करू.

डेटाबेसनं थोडा वेळ गोल गोल फिरून शून्य दाखवलं. सुचिताला वाईट वाटायच्या आधी हायसंच वाटलं. तिचं गाऱ्हाणं जगात कुणी वाचलेलं नव्हतं, म्हणजे सासूच्या कानावर जायची भीती नव्हती.

मग तिनं इंग्रजीतून केलं. सातवीपर्यंतचं इंग्रजी, पण बेबी आणि स्मोक एवढं येत होतं. या वेळी डेटाबेसनं सहा लाखांच्या वर आकडा दाखवला.

सहा लाख! जगातल्या सहा लाख डॉक्टरांना ही गोष्ट माहीत होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तशीच उठून पाळण्याशी गेली, अमिषाच्या नाकाखाली बोट धरलं, श्वास चालू होता. परत आली. परत एकदा जाऊन बघून आली.

"हेमांगी! सहा लाख आलेत गो!"

हेमांगी ओल्या हातांनी आली आणि बघून हसली. "वयनी, हे सगळे तुझ्या कामाचे नाहीत. हा बघ, हा मासे धुरावर सुकवायचा आहे. हा रानातल्या वणव्याचा आहे. नुसते शब्द टाकून नाही चालत. मध्ये 'आणि' घालायचं. बाळ आणि धूर आणि घरातला आणि खोकला. जेवढे 'आणि' घालशील तेवढे कमी येतात."

"असं कसं? जास्त मागितलं तर जास्त यायला पाहिजे."

"बघ हं. आई प्रीतमदादासाठी मुलगी बघत होती, आठवतं? तिला पाहिजे होती गोरी आणि बारावी झालेली आणि मासळी विकणारी आणि उंच आणि गावातलीच. किती आल्या?"

"किती?"

"एक पण नाही. मग बाबांनी एकेक 'आणि' काढायला लावला. आधी उंच काढलं. मग गोरी काढलं. मग बारावी काढलं. तेव्हा कुठं तू सापडलीस."

(हे उदाहरण सुचिताला ताबडतोब कळलं. तिच्या आयुष्यात कुठलीही गोष्ट एवढी लवकर कळली नव्हती, आणि एवढी नकोशी पण वाटली नव्हती.)

दुपारभर दोघी बसल्या. 'आणि' घालत गेल्या, काढत गेल्या. मध्येच रेंज जायची, मग सुचिता फोन उंच धरून सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांखालून पलीकडच्या कोपऱ्यात जायची. तिथं रेंज यायची पण पाळणा दिसायचा नाही, म्हणून परत यायची. शेवटी बरोबर अकरा लेख उरले. काहींना कॉलेजचा पासवर्ड लावला तरी कुलूप होतं, नुसता वरचा सारांश वाचायला मिळत होता.

"सारांश पुरे," सुचिता म्हणाली. "आईंना कुठं सगळं वाचायचंय?"

हेमांगीनं फोनमधून अर्थ सांगितला आणि सुचितानं वहीत मराठीत लिहून काढला. बुधवारी सकाळी ती अमिषाला कडेवर घेऊन परेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि अकरा सारांशांचे कागद छापून घेतले. परेशनं कागद मोजताना वाचले. त्याला इंग्रजी फार येत नव्हतं, पण बेबी, हॉस्पिटल आणि डेथ एवढं त्याला येत होतं.

"वयनी," तो हळू आवाजात म्हणाला, "कोन आजारी हाय?"

"कोणी नाही. असंच घरात दाखवायचंय."

आता असंच घरात दाखवायला कोण मरणाचे कागद छापून नेतं? सुचिता घरी पोचेपर्यंत ती बातमी तिच्या पुढं गेलेली होती. शेजारची हेतल शहाळं घेऊन आली आणि पाळण्याकडे बघून डोळे पुसायला लागली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. एकीनं अंगारा आणला. सुचिता प्रत्येकीला सांगत होती की पोरगी बरी आहे, आणि प्रत्येक बाई तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून जास्तच हळहळत होती.

दुपारी केसर चौलच्या बाजारातून आली. रिकामी पाटी तिनं ओट्यावर अशी आपटली की पाळण्यातली अमिषा दचकली.

"माज्या नातीला काय झालंय," केसर म्हणाली, "त्ये मना बाजारात गिऱ्हाईक सांगतंय! आठ दिवसांची सोबती हाय बोलतंय! कोन बोललं?"

सुचितानं ठरवलं होतं की चांगला मुहूर्त बघून, सासू जेवून निवांत बसली की कागद पुढं करायचे. मुहूर्त हा असा आला. तिनं घाबरून अकराच्या अकरा कागद सासूच्या मांडीवर ठेवले.

"ह्ये काय?"

"धुरी." सुचिता म्हणाली. "म्हणजे... धुरी देऊ नये असं... डॉक्टरांनी लिहिलंय. सगळ्या जगातल्या."

केसरनं कागद उलटे केले, सुलटे केले, नाकाशी नेले. मग मांडी घालून बसली. सासरे धर्माजी झोपाळ्यावर होते, ते सरळ होऊन बसले. प्रीतम कोपऱ्यात जाळ्याच्या गाठी मारत होता. "वाच," केसर म्हणाली. "एकेक वाच. मी बगते."

सुचितानं वही उघडली. "पहिला. एका डोंगरातल्या गावात चुलीच्या धुरामुळे बाळांना खोकला जास्त झाला."

"डोंगरात थंडी असते. दारं लावून बसत असतील. आपली दारं कवा लावलीत?" केसरनं कागद बाजूला ठेवला. "दुसरा."

"दुसरा... चौदा बाळांना सहा महिने बघितलं."

"चौदा? मी साठ न्हाऊ घातलीत. चौदा पोरं बगून सगळ्या जगाला सांगतोय? तिसरा."

"तिसऱ्यात दोनशे आयांना विचारलंय," सुचिता घाईनं म्हणाली, कारण दोनशे हा आकडा तिला भक्कम वाटत होता. "फोन करून."

"फोनवर!" केसर धर्माजींकडे बघून हसली. "फोनवर मी बी सांगते का सुरमई आताच उतरलीय."

ओट्याच्या पायरीवर बसलेली हेमांगी एकदम ताठ झाली. तिनं पेन काढलं.

"चौथ्यात उंदीर आहेत," सुचिता खालच्या आवाजात म्हणाली. हा मधेच कुठंतरी दडवायला पाहिजे होता, असं तिला आता वाटलं.

"उंदराला धुरी दिली?"

"हो."

"मग?"

"मेले."

"मंग चांगलंच हाय की," धर्माजी झोपाळ्यावरून म्हणाले. "आपल्या माळ्यावर बी देऊ."

पाचवा कागद हातात घेताना केसरनं विचारलं, "ह्यो कोनी लिवायला लावला?" हेमांगीनं फोनमध्ये बघितलं आणि कसनुसं तोंड करून सांगितलं की बिनधुराच्या चुली बनवणाऱ्या कंपनीनं पैसे दिलेत. केसरनं तो कागद वाचूनसुद्धा घेतला नाही. "मना इचारा, बाजूच्या बाईची मासळी कशी हाय. मी सांगनार हाय का चांगली हाय म्हनून?"

"आई, थांब, थांब," हेमांगी म्हणाली. "परत सांग. सावकाश सांग."

"तुला कशाला पायजे?"

"पायजे. सांग."

सुचिता वाचत राहिली. सहाव्यात बाळं मोठी होती. सातव्यात धूर कशाचा ते लिहिलेलंच नव्हतं. आठवा वाचताना तिची जीभ अडखळली, कारण तो बापाच्या सिगरेटीचा होता. बाप घराबाहेर ओढून आला तरी त्याच्या कपड्यांचा वास बाळाच्या छातीत जातो, असा.

"ह्यो कशाला आनला मंग?" केसर म्हणाली. "आपल्यात कोन ओढतो?"

कोपऱ्यात जाळ्याची गाठ मारणारा हात थांबला होता. केसरनं मान वळवून मुलाकडं बघितलं. पस्तीस वर्षं तिनं मासा विकत घेताना कल्ले उघडून ताजा-शिळा ओळखलेला. पोटच्या पोराचं तोंड ओळखायला तिला किती वेळ लागणार?

"होडीला नांगर नीट टाकलाय का बघून येतो," प्रीतम म्हणाला आणि गेला. जाताना त्यानं बायकोकडे असं बघितलं की त्या एका कागदानं आपल्याला किती दिवसांचा अबोला मिळणार, याचा सुचितानं मनातच हिशेब केला.

अकरावा कागद संपला तेव्हा केसरनं सगळे कागद गोळा करून सुनेच्या हातात दिले.

"सुचे, मासळीचा वाटा बगितलास ना कसा लावतो आपन? दोन मोठी पापलेटं वर ठेवतो. गिऱ्हाईक वरचीच बगतो. ह्यो तुमचा सारांश का फारांश, ती वरची पापलेटं हायेत. खाली काय हाय त्ये बगितलंस?"

"खाली कुलूप होतं," सुचिता म्हणाली.

"आनि शेवटाला सगळे काय लिवतात? 'अजून शोधायला पायजे.' म्हंजे त्येंनाच म्हाईत न्हाय." केसर उठली. "ऊठ. भात लाव."

सुचिता उठली. रडायला आलं होतं, पण रडायला बसायचं तर भात लागला नसता.

भात रटरटत असताना हेमांगी आत आली ती नाचतच. तिच्या वहीची चार पानं भरली होती. "वयनी! मॅडम वर्षभर शिकवतायत आणि मला एक उणीव काढता येत नव्हती. आईनं अकराच्या अकरा फाडले! आणि विषय पण मिळाला. आपल्या वाड्यातल्या आज्या धुरी का देतात, कशी देतात, ते घरोघरी जाऊन विचारायचं. यावर कुणी काही लिहिलेलंच नाही. मॅडमना फोन केला, त्या लगेच हो म्हणाल्या!"

"आणि माझं काय?"

"तुझं काय?"

सुचितानं झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली आणि परत ठेवलं. "काही नाही."

गुरुवारी सकाळी शेगडी पेटली. रोजच्यासारखाच ओवा, रोजच्यासारखीच सालं. पण त्या दिवशी अमिषाचा खोकला थांबेना. खोकताना श्वास अडकला, ओठ जरा निळसर दिसले, की सुचिताला तसे भासले. तिला नंतरही कधी नक्की सांगता आलं नाही. तिनं सासूच्या हातातून पोर ओढली आणि उघड्या अंगाच्या बाळाला घेऊन अनवाणी अंगणातून थेट वाळूपर्यंत पळत गेली. वाऱ्यात पोर थांबली. खोकला गेला. उलट ती समुद्राकडे बघून हात हलवायला लागली. सुचिता मात्र तिथंच वाळूत बसली.

घरी आली तेव्हा शेगडी तशीच धुमसत होती. केसरनं जेवायला वाढून घेतलं, ताट धुतलं, पाटी घेतली आणि बाजाराला गेली. पस्तीस वर्षांत कुणी तिच्या हातातून बाळ काढून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घरात कुणाशीच कुणी बोललं नाही. (प्रीतमशी तर आधीपासूनच कुणी बोलत नव्हतं.)

शुक्रवारी धुरी झाली नाही. पण शेगडी जागेवरच होती आणि केसरनं ओव्याचा डबा भरून ठेवलेला. "आज माझा हात दुखतोय," ती भिंतीला उद्देशून म्हणाली. म्हणजे उद्या दुखणार नव्हता.

शनिवारी दुपारी हेमांगीनं आईलाच पहिल्या प्रश्नांना बसवलं. केसरनं बाजाराचं लुगडं बदलून सणाचं नेसलं, नथ घातली, ओट्यावर पाट टाकला. हेमांगीनं एक कागद पुढं केला.

"आई, ह्याच्यावर सही कर. तुला नको वाटलं तर मधेच उठून जाता येतं, कोणी रागावणार नाही, असं लिहिलंय."

"मना कोन रागावनार हाय?" केसर म्हणाली आणि सही केली.

सुचिता आत, दाराच्या पडद्याआड, अमिषाला कुशीत घेऊन आडवी झाली होती. डोळे मिटले होते पण कान ओट्यावर होते.

"धुरी कोणत्या वस्तूंची देता?" "किती वेळ?" "कोणी शिकवलं?" केसर ऐटीत उत्तरं देत होती. सासूनं शिकवलं. तिला तिच्या सासूनं. ओवा चिमूटभर, वावडिंग चिमूटभर. आपल्याला कुणीतरी विचारतंय आणि लिहून घेतंय, यानं तिचा आवाज मोकळा झाला होता.

"धुरी देताना बाळ काय करतं?"

"खोकतं. कफ सुटतो."

"दर वेळी खोकतं?"

"व्हय."

"कफ नसला तरी?"

केसरनं नथ सारखी केली. "खोकतं."

"तुम्ही ज्यांना धुरी दिलीत, त्यातलं एखादं बाळ नंतर आजारी पडलं होतं?"

या वेळी ओट्यावर पाट सरकल्याचा आवाज आला. सुचितानं डोळे उघडले.

"रतन," केसर म्हणाली. रतन म्हणजे तिचा मोठा मुलगा. माणगावला ट्रक चालवतो आणि खिशात दम्याचा पंप घेऊन फिरतो. "दोन महिन्यांचा असताना. अलिबागला आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवलेला. डॉक्टरनं मना इचारलं, बाई, घरात धूर-बीर दिला का? मी बोलले, न्हाय. सासू बाजूला उभी व्हती. मी काय बोलनार? तुज्या वयनीएवढी व्हते."

हेमांगीचं पेन चालायचं थांबलं होतं.

"लिवू नको ह्ये."

"आई, तुझं नाव नाही लिहीत. नुसतं 'क्रमांक एक' लिहिते."

"एक लंबर?"

"हो. तू पहिली."

केसरनं विचार केला. "मंग लिव. आनि पुढं ह्ये बी लिव, का एक लंबरनं शेगडी बंद केली. आजपासनं. कोनाच्या कागदानं न्हाय, सोताहून केली. तसं लिव."

पडद्याआड सुचिताला वाटलं की उठावं, बाहेर जावं, सासूच्या पाया पडावं, निदान चहा तरी टाकावा. तेवढ्यासाठी तिनं एक हात उशाला लावला. त्याच क्षणी चार महिन्यांची झोप तिच्यावर अशी कोसळली की हात तिथंच राहिला. अमिषाचा श्वास चालू आहे का, हेही तिनं बघितलं नाही. ती उठली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मध्ये पोरीला पाजलं कधी आणि कुणी आणून दिली, ते तिला आजही आठवत नाही.

पुढं तीन महिन्यांनी हेमांगीचा प्रोजेक्ट कॉलेजच्या डेटाबेसवर चढला. बत्तीस आज्या, त्यातल्या एकीनं तिथल्या तिथं धुरी सोडलेली. मॅडमनी वर्गासमोर वाचून दाखवला. सुचितानं फोनवर स्वतः शोधला आणि तो तिला पहिल्याच झटक्यात मिळाला. कुलूप नव्हतं. तिनं बोट ठेवत ठेवत वाचला. क्रमांक एकची सगळी हकीगत होती, मान देऊन लिहिलेली. तिच्याखाली एक रकाना होता : 'बाळाच्या मातेची भूमिका'.

त्यात लिहिलं होतं : 'माता घरात उपस्थित. धुरीस विरोध आढळला नाही.'

सुचितानं ते दोनदा वाचलं. मग अंगणात गेली. हेमांगी परत सुट्टीला आलेली. "हेमांगी! मी विरोध केला नाही?"

"अगं वयनी, मी तुझा फॉर्म भरायला आत आले होते. तीन हाका मारल्या. हलवलं पण. तू घोरत होतीस. मॅडम म्हणाल्या, समोरच्यानं सांगितलं नाही ते आपल्या मनानं लिहायचं नसतं."

"पण अकरा कागद! छापून आणले, वाचले! पोरीला घेऊन पळाले मी, वाळूपर्यंत!"

"त्याला आधार नाही ना."

केसर पायरीवर अमिषाला मांडीवर घेऊन बसली होती. "काय लिवलंय? मना वाचून दाव," ती म्हणाली. हेमांगीनं रकाना वाचला. केसरनं तो आणखी एकदा वाचून घेतला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा एखाद्या संशोधनावर खूश झालेला दिसला.

"परेशकडनं ह्येच्या दोन प्रती आन," ती सुनेला म्हणाली. "एवढा एकच कागद खरा लिवलाय."